बापूजींची शुगर कोणी फोडली?

१

बापूजींनी दंडावर चिकटवलेलं रुपयाएवढं यंत्र उपटून काढलं आणि माझ्या रिकाम्या बशीत टाकलं.

"ठेवा हे तुमच्यापाशी, चारूताई. माह्या घरी चोरी झाली."

"अगं बाई! काय गेलं?"

"शुगर."

मी हसले. थंडीचे दिवस, ऊन नुकतं ओसरीवर आलेलं, बापूजींच्या डोक्याला मफलर आणि तोंडावर असा भाव की जणू कपाटातलं सोनं गेलं. पण त्यांच्या मागून त्यांची बायको गोपिका आली आणि तिचा चेहरा पाहून मी गप्प झाले. तापानं फणफणलेल्या लेकराकडे बघावं तशी ती बशीतल्या त्या यंत्राकडे बघत होती.

नागपूरच्या सक्करदऱ्यात आमची दोन घरं एका भिंतीला लागून आहेत. दसऱ्याच्या सुमाराला एका पहाटे बापूजी हाका मारून उठेनात. झोपेतच शुगर खाली गेली होती. गोपिकाच्या आरोळीनं मी धावले, गालाच्या आतून मध चोळला, तोवर डॉक्टर आले. त्यानंतर हे यंत्र दंडावर आलं. शुगर घसरायला लागली की ते गोपिकाच्या फोनवर केकाटतं, चढली तरी केकाटतं. तेव्हापासून ती बाई रात्री डोळा मिटू लागली होती.

"पण चोरी कशी झाली ते तरी सांगा," मी म्हटलं.

"त्या मारोत्याले विचारा!" बापूजी खुर्चीत धपकन बसले. "तळ्याच्या बागेत आमचा हास्य क्लब. सगळे हात वर करून हसून राहिले, अन् हा मधातच म्हणते, 'बापूजी, जोरानं हसा गा, काल रात्री तुमची शुगर चढली होती!' सगळा क्लब माह्याकडे पाहून खरंखुरं हसला. अन् हे आजचं नाही, ताई. दिवाळी झाल्यापासून सुरू आहे. ज्या दिवशी म्हणते, त्या दिवशी चढलेलीच असते."

"अंदाजानं बोलत असतील."

"अंदाज एखाद वेळ लागते. दर वेळी कसा लागंन? माझी शुगर कोणीतरी फोडून राहिला, पेपर फोडते तशी. अन् रविवारी हॉस्पिटलात मीटिंग आहे न? सगळे यंत्रवाले येणार, मले स्टेजवर बोलवलं आहे. बोलतो मी! सगळ्यायले सांगतो, काढा हे अन् फेका. साखळी म्हणे, कुलूप म्हणे. कशाचं कुलूप अन् कशाचं काय!"

ते तरातरा निघून गेले. गोपिका तिथेच उभी राहिली.

"ताई, आता मी झोपू कशी वं?"

मी बशी उचलून आत नेली. त्या यंत्रातला आकडा ज्या साखळीत जात होता, ती साखळी माझ्या भाचीनं बांधली होती.

२

प्रणाली माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. सदर भागातल्या त्या हॉस्पिटलात ती डॉक्टर नाही, पण डॉक्टर तिला विचारल्याशिवाय कॉम्प्युटर उघडत नाहीत. दुपारी ती स्कूटरवरून आली, ओसरीवर लॅपटॉप उघडला आणि हेल्मेट काढायचंसुद्धा विसरली.

"मावशी, हे शक्यच नाही गं."

"आधी डोक्यावरचं काढ. मग मला समजेल असं सांग."

तिनं सांगितलं, ते मला समजलं ते असं. बापूजींच्या शुगरचा प्रत्येक आकडा एका कुलूपबंद पेटीत जातो. त्या आकड्याचा ठसा साखळीत एक कडी होऊन बसतो, आणि प्रत्येक कडी मागच्या कडीत अडकवलेली असते. साखळीची एक प्रत हॉस्पिटलात, एक प्रयोगशाळेत, एक औषधाच्या दुकानात. एका ठिकाणी कोणी खोडसाळपणा केला, तर बाकीच्या प्रती लगेच बोंब मारतात. आणि मुख्य म्हणजे, पेटी कोणी उघडून पाहिली तर त्या पाहण्याचीही कडी बनते. ती कोणालाच पुसता येत नाही.

"बापूजींना हे पहिल्यांदा समजावलं ना," प्रणाली म्हणाली, "तेव्हा ते म्हणाले, 'समजलं. विणलेल्या लुगड्यातला मधलाच धागा बदलता येत नाही, तसं.' इतकं छान तर आमच्या साहेबांनाही सांगता आलं नव्हतं. म्हणूनच तर मी त्यांना रविवारी बोलायला बोलावलं. आता तेच म्हणाले की साखळी फुटली, तर लोक दंडावरची यंत्रं तिथल्या तिथे काढून देतील. तीन वर्षं झाली गं मावशी मला या कामाला."

तिचा आवाज जरा ओला झाला. मी तिला तीळ घातलेली भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं. रडण्याआधी खाल्लेलं बरं असतं.

मी टेलिफोन एक्स्चेंजमधून सुपरवायझर होऊन निवृत्त झाले. आमच्या काळी मुली कानाला हेडफोन लावून ओळीनं बसायच्या, आणि अख्ख्या नागपूरची गुपितं आमच्या बोटांमधून कलकत्त्याला आणि मुंबईला जायची. कोणाचं लग्न मोडलं, कोणाला मुलगा झाला, सगळं आधी आम्हाला कळे. पण एकीच्या तोंडून शब्द बाहेर पडला नाही. त्यामुळे गुपित कुठून गळतं हे शोधायची मला सवय आहे. मोहल्ल्यात काही हरवलं की लोक आधी माझ्याकडे येतात आणि नंतर पोलिसात. बहुतेक वेळा पोलिसात जावं लागत नाही.

"कोणाकोणाकडे चावी आहे पेटीची?" मी विचारलं.

"तिघांकडे. बापूजी, गोपिकाकाकू आणि डॉक्टर."

"आणि मारोतराव बोलायला लागले तेव्हापासून संध्याकाळची पेटी कोणी उघडली?"

प्रणालीनं पडद्यावरून बोट फिरवलं. एकदा फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग घास हातातच धरून माझ्याकडे पाहिलं.

"प्रत्येक वेळी एकाच माणसानं उघडली आहे. गोपिकाकाकूंनी."

३

गोपिका स्वयंपाकघरात रवा भाजत होती. तुपाचा वास थेट अंगणापर्यंत आला होता. आदल्या आठवड्यात तिच्याकडून आलेली वाटी मी परत न्यायला घेतली होती, आणि रिकामी कशी द्यायची म्हणून तिच्यात झाडाची चार लिंबं ठेवली होती. तिनं लिंबं काढून घेतली, वाटी विसळली आणि पालथी घातली.

"गोपिका, खरं सांग. बापूजींची शुगर तू कोणाला सांगतेस?"

तिच्या हातातला झारा थांबला.

"ताई, तुमची शपथ घेऊन सांगते. कोणाले नाही सांगतलं. वच्छलाबाई रोज फोन करते, तासतासभर बोलते, पण ह्यायच्या शुगरचा एक शब्द नाही काढला मी. नवऱ्याच्या दुखण्याची दवंडी पिटते काय कोणी?"

वच्छलाबाई म्हणजे मारोतरावांची बायको. तिला रात्री कानाचं मशीन काढल्यावर ढगांचा गडगडाटही ऐकू येत नाही, पण दिवसा मशीन लावलं की शेजारच्या घरातली कुजबुजसुद्धा सुटत नाही.

"बरं, फोन वाजला की तू करतेस काय?"

"शुगर घसरली तं साखरपाणी देते. चढली तं समोरून गोड उचलून घेते. ह्यायले रोज रात्री जेवणावर गोड पाहिजे, लहानपणाची खोड. सासूबाई सांगायच्या, हातमाग बंद करून सासरे उठले की गुळाचा खडा तरी सगळ्यायच्या हातावर ठेवायचे. म्हणून मी जराजरासं करते. नाही करावं तं मले करमत नाही. पण फोन केकाटला की वाटी उचलली म्हणजे उचललीच. मग हे अर्धा तास बोलत नाहीत."

"आणि आज?"

"आज तं यंत्रच नाही. आज मी कायच्या भरवशावर वाढू?"

तिनं डोळे पुसले आणि रव्यात दूध ओतलं. कढईतून जो चर्र आवाज आला त्यात आमचं बोलणं बुडालं. या बाईनं कोणाला काही सांगितलं नव्हतं. एवढं मला तिच्या तोंडावरून कळलं.

मग मी सुशीलच्या दुकानात गेले. सुशीलचं औषधांचं दुकान आमच्या चौकात आहे. साखळीची एक प्रत त्याच्याकडे, आणि सकाळी तोही हास्य क्लबात हात वर करून हसतो. संशयित म्हणून तो इतका चांगला होता की मी मनातल्या मनात त्याला पकडूनच टाकलं होतं.

"मावशी, माझ्याकडे पेटी आहे, चावी नाही," तो म्हणाला. "मला तर माझ्या बायकोच्या मोबाईलचाही पासवर्ड माहीत नाही. आणि माहीत असता तर मी काय मारोतकाकांना सांगितलं असतं? ते दुकानात आले की अख्खं दुकान ऐकतं. परवा मोठ्यानं विचारतात, 'सुशीलबाबू, पोट साफ व्हायचं ते कोणतं?' चार बायका उभ्या होत्या."

"मग तुला कोणावर संशय आहे?"

सुशीलनं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला.

"मारोतकाकांच्या वरच्या खोलीत भाड्यानं कोण राहते, माहीत आहे ना तुम्हाला?"

४

वरच्या खोलीत भैरवी राहत होती. सदरच्या त्याच हॉस्पिटलात ती रुग्णांना काय खावं हे सांगायची. आणि बापूजी तिच्याच यादीत होते.

ती मोकळी पोरगी. मी विचारलं तशी खो खो हसली.

"काकू, मला आठवड्यातून एकदा डॉक्टर बापूजींची सरासरी सांगतात. रोजचं मला दिसतच नाही. आणि मारोतकाकांशी मी शुगर कशाला बोलू? ते मला पाहिलं की बशी पाठीमागे लपवतात."

"कसली बशी?"

"असेल काहीतरी गोड. मी जिना चढेपर्यंत त्यांच्या तोंडात काहीतरी असतंच. पण काकू, एक सांगू?" ती जरा गंभीर झाली. "मागच्या महिन्यात बापूजींची शुगर पहाटे खूप घसरली होती ना? यंत्र वाजलं, काकूंनी साखरपाणी दिलं, म्हणून निभावलं. डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्या सकाळी मी गच्चीवर उभी होते. मारोतकाका बागेत निघाले होते. बापूजींना हाक मारून म्हणाले, 'काय गा, आज चेहरा ताजा दिसून राहिला!'"

"म्हणजे त्यांना माहीतच नव्हतं."

"अजिबात नाही."

घरी येऊन मी प्रणालीला हे सांगितलं. तीही स्वस्थ बसली नव्हती. तिनं बापूजींना समोर बसवून, मारोतराव कोणकोणत्या दिवशी बोलले ते आठवायला लावलं होतं. अपमानाचे दिवस माणूस विसरत नाही. बापूजींनी सणवार धरून एकेक सांगितलं, आणि तिनं ते आकड्यांशी ताडून पाहिलं.

"मावशी, एक आठवडा विचित्र आहे. गोपिकाकाकू भाच्याच्या लग्नाला उमरेडला गेल्या होत्या, तो. इथे बापूजींची शुगर रोज चढली."

"रोज?" मी बापूजींकडे पाहिलं.

बापूजींनी मफलर उगाचच नीट केला. "आता बाई घरी नसली तं माणसानं काय करावं? सावजीकडून मटण आणलं. वरून जिलबी."

"उमरेडहून फोनवर बोलली असेल ना गोपिका?"

"बोलली? ताई, सगळा लग्नमंडप ऐकत होता. यंत्र तिथंही वाजायचं न!"

"आणि मारोतराव?"

बापूजींचा मफलरवरचा हात खाली आला. त्यांच्याच लक्षात ही गोष्ट पहिल्यांदा आली असावी.

"त्या आठवड्यात मारोत्या चूप होता. एका शब्दानं बोलला नाही."

"वच्छलाबाईचा फोन गोपिकाला उमरेडलाही रोज येत होता ना?" मी विचारलं. बापूजींनी होकार दिला.

"मग?" प्रणालीनं विचारलं.

"मग काही नाही. उद्या सकाळी मी हास्य क्लबात जाते."

५

सक्करदऱ्याच्या तळ्याकाठी सकाळी धुकं असतं आणि त्या धुक्यात म्हातारे हसत असतात. मी लहान होते तेव्हा या पाण्यावर धोबी कपडे आपटायचे, त्याचा आवाज दूरवर यायचा. आता हसण्याचा येतो. मला दोन्ही आवडले.

मारोतराव पुढे उभे होते. गोल, गोरे, लाल स्वेटर. बापूजी सगळ्यांत मागे, भांडण झालेल्या मुलासारखे.

"या या, चारूताई! तुम्हीही हसा. हसल्यानं रक्त पातळ होते."

"मारोतराव, तुम्ही बापूजींच्या मागे काहून लागता हो रोज?"

"मी? मी काय केलं? मी तं त्याची काळजी करतो. जिवाचा दोस्त आहे माझा." त्यांनी बापूजींकडे मान वळवली आणि डोळे बारीक केले. "कालही चढली होती, नाही का गा बापूजी? सांग सांग. चांगलीच चढली होती!"

सगळे हसले. बापूजींचा चेहरा लाल झाला, मग पांढरा पडला.

"किती होती?" मी पटकन विचारलं.

"असंन दोनशे," मारोतराव म्हणाले.

"त्या आधीच्या खेपेला?"

"दोनशे. दोनशेच असते ती."

बापूजी माझ्याजवळ आले. त्यांनी बाही वर करून मोकळा दंड दाखवला.

"ताई, काल माह्या दंडावर काही नव्हतं. काल कोणताच आकडा कुठं गेला नाही. मग याले कसं कळलं?"

यंत्र माझ्या घरी बशीत पडलं होतं. साखळीत कालच्या संध्याकाळची एकही कडी नव्हती. जी गोष्ट कुठेच नोंदली गेली नव्हती, तीसुद्धा फुटली होती.

प्रणालीला मी फोनवर हे सांगितलं तेव्हा ती रडवेली झाली. "मावशी, आता तर डोकंच चालत नाही माझं."

"माझं आत्ताच चालू झालं," मी म्हटलं. "संध्याकाळी सगळ्यांना गोपिकाच्या घरी बोलाव. मारोतरावांनाही. आणि येताना नवीन यंत्र घेऊन ये. जुनं एकदा उपटलं की पुन्हा लागत नाही, म्हणालीस ना?"

"तुला कळलं कोण आहे ते?"

"एक घर बघायचं राहिलंय."

मी वच्छलाबाईकडे गेले. तिनं चहा टाकला. मी तिच्या स्वयंपाकघरात पाटावर बसले, आणि तिच्या ओट्यावर पालथं घातलेलं एक भांडं पाहिलं. चहा अर्धा टाकून मी उठले.

"काहून वं ताई, साखर कमी झाली काय?"

"नाही बाई. अगदी बरोबर झाली."

६

संध्याकाळी गोपिकाच्या बैठकीत सगळे जमले. बापूजी आरामखुर्चीत. मारोतराव आणि वच्छलाबाई सोफ्यावर. सुशील दुकान बंद करून आला होता, भैरवी दाराशी उभी होती. प्रणालीच्या मांडीवर लॅपटॉप, पण मिटलेला.

"चोर याच खोलीत आहे," मी म्हटलं. आयुष्यात एकदा तरी हे वाक्य म्हणायचं होतं मला.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. सुशीलनं उगाचच खिसे चाचपले.

"आधी चोराला काय माहीत होतं ते बघू. त्याला शुगर चढलेली कळायची. पण पहाटे घसरली, जीवावर बेतलं, ते कळलं नाही. ज्यानं पेटी उघडली असती, त्याला दोन्ही कळलं असतं. दुसरं, त्याला आकडा माहीत नव्हता. दर वेळी आपलं दोनशे. म्हणजे त्यानं पेटी पाहिलेली नाही. सुशील सुटला, भैरवी सुटली, आणि प्रणालीची साखळीही सुटली."

प्रणालीनं एवढा मोठा श्वास सोडला की भैरवी हसली.

"आता गोपिका. पेटी तिनं उघडली. मग तिनं सांगितलं का? उमरेडला गेली तेव्हाही तिला रोज कळत होतं, वच्छलाबाईशी रोज बोलणंही होत होतं. तिच्या तोंडून फुटत असतं तर त्या आठवड्यातही फुटलं असतं. फुटलं नाही. म्हणजे ती इथे घरात असली तरच फुटतं. तोंड तर ती बरोबर घेऊन गेली होती. मग मागे काय राहिलं?"

भैरवी दारातून एक पाऊल आत आली.

"तिचा स्वयंपाक," मी म्हटलं. "आणि शेवटचं. काल यंत्र नव्हतं, आकडा नव्हता, तरी मारोतराव म्हणाले, चढली. काल गोपिका मला म्हणाली, आज मी कशाच्या भरवशावर वाढू. गोपिका, काल शिरा केला होतास ना? कोणाला वाढलास?"

गोपिकानं पदर तोंडाशी नेला.

"भीती वाटली वं ताई. यंत्र नाही, काही नाही. म्हणून ह्यायले दिलाच नाही."

"आणि फोन केकाटतो तेव्हा समोरून उचललेल्या वाटीचं काय करतेस?"

"टाकून कसं द्यावं? अन् घरात ठेवलं तं हे उठून खाऊन घेतील. डब्यात भरते अन्..." ती थांबली. तिचे डोळे हळूहळू सोफ्याकडे वळले. "अन् वच्छलाबाईकडे पाठवून देते. पण मी फक्त म्हणते, जास्त झालं होतं म्हणून! शुगरचं नाव नाही काढत!"

"काढायची गरजच नव्हती. वच्छलाबाईच्या ओट्यावर आज सकाळी मी एक कडीचा डबा पाहिला. त्याच्यावर कोरलं आहे, 'सौ. गोपिकास मामाकडून'."

सगळ्यांनी मारोतरावांकडे पाहिलं. मारोतरावांनी छताकडे पाहिलं.

"डबा आला की समजायचं, बापूजीची चढली," ते शेवटी पुटपुटले. "डबा नाही आला की समजायचं, त्यानंच खाल्लं. यात चोरी कायची? हिशेब सरळ आहे."

वच्छलाबाईनं कपाळावर हात मारला. "अन् मी पागल! मी म्हणत होती, गोपिकाचा हात किती मोकळा आहे. मी तं डबा रिकामा परतही केला नाही कधी. कधी चिवडा, कधी पापड!"

बापूजी खुर्चीतून हळूच उठले. त्यांचा आवाज इतका शांत होता की आम्ही सगळे जरा घाबरलो.

"म्हणजे माह्या ताटातला शिरा तू खात होता?"

"हाव."

"सांजोऱ्या?"

"त्याही."

"अन् अनारसे? दिवाळीचे अनारसे?"

"ते तं गजब झाले होते गा," मारोतराव मनापासून म्हणाले.

"अबे, मग वरून मलेच चिडवतो! माझा माल खाऊन माह्यावरच हसतो!"

आधी भैरवी फुटली, मग सुशील, मग गोपिका पदरात तोंड घालून. बापूजींनी दोन क्षण राग धरून ठेवला, पण हास्य क्लबाची सवय वाईट. तेही हसत सुटले, पोट धरून, आणि मारोतरावांच्या पाठीत एक गुद्दा घातला.

फक्त प्रणाली हसली नाही. ती विचारात पडली होती.

"पण मावशी, गळती खरीच आहे ना? साखळी कितीही पक्की असू दे, डबा गेला की बातमी गेली. उद्या पुन्हा जाईल."

तेव्हा मी त्यांना एक जुनी गोष्ट सांगितली. संत्रा मार्केटमधले एक व्यापारी आमच्या एक्स्चेंजमधून कलकत्त्याचा भाव विचारायचे. भाव चढला की तासाभरात समोरच्या व्यापाऱ्याला कळायचं. आळ आमच्यावर आला, चौकशी झाली, मुली रडल्या. शेवटी कळलं, भाव चढला की शेठजी खुशीत गादीवरच्या सगळ्यांना मिठा पान मागवायचे. समोरचा फक्त पानवाल्याच्या पोऱ्याकडे बघत बसायचा. तार पक्की होती, पण पान कोणी झाकलंच नव्हतं.

"मग काय केलं त्यांनी?" सुशीलनं विचारलं.

"रोज पान मागवायला लागले. भाव चढो की पडो."

प्रणालीचे डोळे चमकले. "म्हणजे काकूंनी रोज डबा पाठवायचा! शुगर काहीही असो. मग डब्यावरून कोणाला काही कळणारच नाही. मावशी, आम्ही कॉम्प्युटरवर अगदी हेच करतो! खरे निरोप कळू नयेत म्हणून मध्ये खोटे निरोप सोडत राहतो."

"रोज?" मारोतराव पुढे सरकले. "माझी काही हरकत नाही."

बापूजींनी सदऱ्याची बाही वर केली. प्रणालीनं नवीन यंत्र त्यांच्या दंडावर टेकवलं आणि दाबलं. टक्क आवाज झाला. गोपिकानं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

रविवारी बापूजी स्टेजवर असे बोलले की चहा थंड झाला तरी कोणी उठलं नाही. लुगड्याच्या धाग्याचं सांगितलं, डब्याचं सांगितलं, सांजोऱ्या-अनारशांची नावं घेऊन सांगितलं. कोणी यंत्र काढलं नाही. उलट मीटिंग संपल्यावर चार म्हातारे प्रणालीपुढे बाह्या सरसावून उभे राहिले. गोपिका मागच्या रांगेत खुर्चीवरच गाढ झोपली होती. तिला कोणी उठवलं नाही.

७

होळी जवळ आली होती तेव्हाची गोष्ट. मी आणि बापूजी प्रणालीकडे सदरला गेलो होतो, बापूजींचं यंत्र बदलायला. त्यांचे आकडे सुंदर होते. घरात गोड उरतच नव्हतं.

दार जरासं उघडलं आणि लाल स्वेटर आत आला. उन्हाळा लागत आला तरी तो अंगावर होताच. बापूजी पडद्यामागच्या पलंगावर होते, ते मारोतरावांना दिसले नाहीत. मी दिसले, पण माझ्याकडून गुपित फुटत नाही हे त्यांना ठाऊक होतं.

"प्रणाली, हळू बोल हं बाई," मारोतराव कुजबुजले. "भैरवीनं जबरदस्तीनं रक्त तपासलं. दोनशेच्या वर निघाली. खरी दोनशे. रोज डबा येते न, मी काय करू? लाव ते तुमचं यंत्र. पण कोणाले कळता कामा नये. वच्छलालेही नाही, ती सगळ्या मोहल्ल्यात सांगंन."

"काका, कोणालाच कळणार नाही," प्रणाली तोंड वळवून हसू गिळत म्हणाली. "पण पेटीची एक चावी घरच्या माणसाकडे लागते. रात्री काही झालं तर फोन कोणाकडे वाजवायचा?"

मारोतराव विचार करत बसले. मी पडद्याकडे पाहिलं. पडदा अजिबात हलत नव्हता.

"वच्छला तं रात्री कानाचं मशीन काढून झोपते," ते म्हणाले. "तिले काय ऐकू येणार? पोरगा पुण्याले. सुशील चांगला आहे, पण तो सकाळशिवाय उठत नाही." त्यांनी गळ्याभोवतीचा स्वेटर ढिला केला. "बापूजीले दे."

"नक्की ना, काका? ते चिडवतील तुम्हाला."

"चिडवंन. जिंदगीभर चिडवंन. पण फोन वाजला तं चप्पल न घालता धावत येईन तो. दुसरं कोणी नाही येणार. टाक त्याचं नाव."

पडदा बाजूला झाला. बापूजी अर्धी बाही वर, चष्मा कपाळावर, तसेच बाहेर आले. मारोतरावांचं तोंड उघडंच राहिलं. मी वाट बघत होते की आता काहीतरी जबरदस्त टोमणा येणार, वर्षभर पुरेल असा.

बापूजींनी खिशातून फोन काढला आणि प्रणालीसमोर धरला.

"टाक पोरी लवकर," ते म्हणाले. "अन् आवाज मोठा कर. माह्या फोनचा आवाज कमी आहे."